पंधरा डबे, दोन मिनिटांची गाडी की नवे रूळ: लोकलसाठी आधी काय मागावे?

मुंबईतील प्रवासी संघटनांच्या निवेदनांत ‘गाड्या वाढवा’ ही मागणी ठरलेली असते. मागणी रास्त आहे, परंतु ज्याच्या टेबलावर ती जाते त्याने नेमके काय करायचे हे तिच्यातून कळत नाही, कारण मार्गाची वहनक्षमता वाढवण्याच्या वाटा तीन आहेत आणि तिन्हींचा खर्च, लागणारा काळ आणि मिळणारे फळ वेगवेगळे आहे. आहे त्या फेऱ्यांना जास्त डबे जोडता येतात, दोन गाड्यांमधील अंतर कमी करता येते, किंवा नवे रूळ टाकता येतात. पुढच्या बैठकीत यांपैकी एका मागणीला पहिला क्रमांक देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी हे पर्याय येथे शेजारी शेजारी ठेवले आहेत.

हिशेब डब्यांत मांडला की गोष्ट सोपी होते. एका मार्गावर दर तीन मिनिटांनी गाडी धावते असे धरले, तर तासाला २० गाड्या होतात आणि बारा डब्यांच्या हिशेबाने तासाला २४० डबे जातात. याच गाड्या पंधरा डब्यांच्या केल्या तर ३०० डबे होतात. डबे बाराच ठेवून ३०० चा आकडा गाठायचा असेल, तर तासाला २५ गाड्या सोडाव्या लागतील, म्हणजे दोन गाड्यांमधील अंतर २ मिनिटे २४ सेकंदांवर आणावे लागेल. थोडक्यात, प्रत्येक गाडीला तीन डबे जोडणे आणि प्रत्येक गाडीमागे ३६ सेकंद वाचवणे यांचे फळ सारखेच आहे. निवड करायची ती या दोहोंपैकी कोणती गोष्ट कुठे लवकर आणि कमी त्रासात साधते, हे पाहून.

पंधरा डब्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पश्चिम रेल्वेवर पहिली पंधरा डब्यांची लोकल २००९ साली धावली आणि अंधेरी–विरार दरम्यान धीम्या मार्गावर अशा गाड्या २०२१ मध्ये सुरू झाल्या; म्हणजे काय करावे लागते हे आपल्या रेल्वेला ठाऊक आहे. फलाट लांबवावे लागतात, फलाटाच्या टोकाशी असलेले सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) आणि सिग्नल पुढे सरकवावे लागतात आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागाही वाढवाव्या लागतात. जिथे फलाटाच्या पुढे लगेच पूल, नाला किंवा वस्ती आहे तिथे काम अडते. जास्त लांबीची गाडी फलाट रिकामा करायला थोडा अधिक वेळ घेते, परंतु हा फरक साधारण तीन-चार सेकंदांचा असतो आणि मिळणाऱ्या पंचवीस टक्के वाढीपुढे तो नगण्य आहे. प्रवाशाचा वाट पाहण्याचा वेळ मात्र यातून एका सेकंदानेही कमी होत नाही.

गाड्यांमधील अंतर कमी करण्याचा पर्याय अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आपल्याकडे मार्गाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडलेले असतात. पुढच्या तुकड्यांत गाडी कितीशी दूर आहे त्यानुसार मोटरमनला लाल, पिवळा, दोन पिवळे किंवा हिरवा सिग्नल दिसतो. पुढची गाडी एखाद्या तुकड्यातून अर्धी बाहेर पडली असली तरी तो तुकडा व्यापलेलाच मानला जातो, त्यामुळे मागच्या गाडीला गरजेपेक्षा जास्त अंतर राखावे लागते. सीबीटीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीत गाडी आपली जागा आणि वेग रेडिओवरून सतत कळवत राहते आणि मागची गाडी पुढच्या गाडीच्या शेपटीपासून फक्त थांबण्यापुरते अंतर ठेवून येऊ शकते. हे ऐकून ‘नवे सिग्नल आले की दीड मिनिटाला गाडी’ असे वाटू लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या, म्हणजे दर १०० सेकंदांना एक गाडी धावते. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत गर्दीच्या वेळी हे अंतर सुमारे ९० सेकंद असते. तिथे फलाटाच्या टोकाला, बोगद्याच्या तोंडावर, आधीची गाडी सुटून किती वेळ झाला हे दाखवणारे घड्याळच बसवलेले असते. सिग्नल हा या यशाचा एक भागच आहे. उरलेले भाग आपल्या नजरेसमोर, फलाटावर आहेत.

संध्याकाळच्या चर्चगेट–विरार फास्टमध्ये मुंबई सेंट्रल सुटले की दाराजवळच्या गर्दीत खांद्यावर बोट टेकते आणि प्रश्न येतो, ‘दादर?’ होकार आला तर विचारणारा तिथेच मागे उभा राहतो; नकार आला तर दोघे अंग चोरून जागा बदलतात. गाडी दादरला थांबेपर्यंत उतरणाऱ्यांची रांग दारापाशी लागलेली असते. ही शिस्त कोणत्याही परिपत्रकाने आणलेली नाही. प्रवाशांनी पिढ्यान्‌पिढ्या ती घडवली आहे आणि तिच्यामुळेच लोकलचा थांबा काही सेकंदांत उरकतो. गाड्या दाट करण्यातली पहिली अडचण ही थांब्याचीच आहे: दोन गाड्यांमधील अंतर बहुधा सर्वांत गर्दीच्या स्थानकावरचा थांबा ठरवतो. एका गाडीचा थांबा, ती फलाटातून बाहेर पडण्याचा वेळ आणि मागच्या गाडीचा आत शिरून थांबण्याचा वेळ यांची बेरीज दादरला जेवढी होईल, त्यापेक्षा दाट गाड्या त्या फलाटावरून जाऊच शकत नाहीत, मग सिग्नल कितीही आधुनिक असोत.

हा मुद्दा आता तातडीचा झाला आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाड्यांतून पडून प्रवाशांचे जीव गेले आणि त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचा निर्णय जाहीर झाला. हे दरवाजे आलेच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दार बंद झाल्याशिवाय गाडी हलणार नाही, हे एसी लोकलच्या प्रत्येक प्रवाशाने अनुभवले आहे: शेवटचा माणूस आत मावेपर्यंत दार पुन्हा पुन्हा उघडते आणि थांबा लांबतो. म्हणून दरवाजांच्या मागणीबरोबरच थांबा आटोक्यात ठेवण्याच्या उपायांची मागणी झाली पाहिजे. बार्सिलोनात काही स्थानकांवर रुळाच्या दोन्ही बाजूंना फलाट असतात. एका बाजूने उतरायचे, दुसऱ्या बाजूने चढायचे. टोकियोत चुओ रॅपिड मार्गाच्या गाड्या शिंजुकूसारख्या मोठ्या स्थानकात एकाच दिशेसाठी दोन फलाट आलटून पालटून वापरतात, त्यामुळे एक गाडी उभी असतानाच मागची गाडी शेजारच्या फलाटाला लागते. आणि दोन मिनिटांनी गाडी यायची असेल, तर आधीच्या गाडीतून उतरलेली माणसे दोन मिनिटांत फलाटावरून गेली पाहिजेत. जिने आणि पादचारी पूल अपुरे असताना गाड्या वाढवण्यात किती धोका आहे, हे एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीने आपल्याला शिकवले आहे.

दुसरी अडचण शेवटच्या स्थानकाची असते. टोकियो स्थानकात चुओ रॅपिडला दोनच रूळ आहेत आणि गर्दीच्या वेळी साधारण दोन मिनिटांनी गाडी येते. म्हणजे प्रत्येक रुळावर चार मिनिटांनी नवी गाडी येणार आणि त्याआधी उभी असलेली गाडी रिकामी होऊन, भरून, परत निघाली पाहिजे. लंडनला यासाठी चालकांची पाळी एकाने मागे सरकवतात: आलेल्या गाडीचा चालक उतरतो, आणि आधीच्या गाडीतून उतरलेला चालक दुसऱ्या टोकाला तयार उभा असतो, तो ती गाडी परत नेतो. बारा डब्यांची लांबी चालत जाण्याचा वेळ असा वाचवता येतो. चर्चगेटला चार फलाटांवर धीम्या आणि जलद दोन्ही गाड्या परतवल्या जातात. तिथे वाचलेला प्रत्येक मिनिट विरारपर्यंतच्या वेळापत्रकाला उपयोगी पडतो.

तिसरी अडचण रूळ बदलण्याची आहे आणि माझ्या मते ती मुंबईसाठी सर्वांत मोठी आहे. व्हिक्टोरिया लाइनला एकही फाटा नाही. सगळ्या गाड्या एकाच प्रकारच्या, एकाच मार्गाने धावतात. आपल्याकडे कल्याणला कसारा आणि कर्जतचे फाटे फुटतात, काही जलद लोकल पुढे धीम्या मार्गावर जातात, आणि मेल-एक्स्प्रेस त्याच रुळांवर येतात. एक गाडी सांधा ओलांडत असताना समोरून येणाऱ्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबतात आणि उशीर तासभर पुढे सरकत राहतो. ठाणे–दिवा दरम्यान पाचवी आणि सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा खरा उपयोग हाच आहे: लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळे रूळ मिळाले की लोकलचे रूळ लोकललाच राहतात. नव्या मार्गिकेचा पर्याय सर्वांत महाग आणि जमिनीअभावी सर्वांत रखडणारा असला, तरी त्यामुळे इतर दोन्ही पर्यायांची किंमत वसूल होते.

मेट्रोचा विचार याच तराजूत करायचा, पण तिथे मागणी वेगळी ठरते. कुलाबा–वांद्रे–सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ३ आठ डब्यांची आहे आणि भुयारातील फलाट नंतर लांबवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून तिची वाढ फक्त गाड्या दाट करूनच होऊ शकते. फाटा नाही, मिसळ वाहतूक नाही, फलाटावर सरकते दरवाजे आहेत, त्यामुळे ते साधण्यासारखेही आहे. वर्सोवा–घाटकोपर मेट्रो १ वर मात्र गाड्या चारच डब्यांच्या आहेत, आणि घाटकोपरच्या जिन्यांवरची गर्दी पाहता तिथे आधी डबे आणि जिने यांचीच मागणी व्हावी.

लोकलच्या निवेदनात मी क्रम असा ठेवीन. विरार, कल्याणच्या धीम्या मार्गांवर फलाट तयार असतील तिथे पंधरा डब्यांच्या फेऱ्या लगेच. मध्य रेल्वेवर मेल-एक्स्प्रेस वेगळ्या रुळांवर नेण्याचे उरलेले काम आणि कल्याणचे सांधे त्याबरोबरीने. दादर, कुर्ला, ठाणे आणि अंधेरी येथे गर्दीच्या वेळचा प्रत्यक्ष थांबा सेकंदांत मोजून तो महिन्याच्या महिन्याला प्रसिद्ध व्हावा, अशी मागणी स्वतंत्र कलमात. आणि नव्या सिग्नल प्रणालीचे कलम त्याच्या खाली, त्या मोजमापाशी जोडून.