इंजेक्शनची तारीख आणि रक्त घेण्याची तारीख

टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाचे उपचार घेणाऱ्या माणसाला, तपासणीच्या निकालाचा एकही आकडा खोटा न छापता, वर्षभर व्यवस्थित लुबाडता येते. कोल्हापुरातल्या एका खासगी क्लिनिकने माझ्या बाबतीत ते केले. हे उपचार मुळीच घेऊ नयेत असे मला सुचवायचे नाही, कारण मी स्वतः आजही ते घेतो आणि पुढेही घेणार आहे. डोस कशाच्या आधारे ठरतो हे रुग्णाला ठाऊक नसले की काय करता येते, तेवढेच येथे मांडतो.

२०१८ मध्ये माझ्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीवरची गाठ पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली. त्यानंतर त्या ग्रंथीकडून थायरॉइड, ॲड्रिनल आणि वृषण यांना मिळणारे संदेश फारच क्षीण झाले. त्यामुळे थायरॉइडसाठी थायरॉक्सिन आणि ॲड्रिनलसाठी हायड्रोकॉर्टिसोन या गोळ्यांबरोबर टेस्टोस्टेरॉनही मला कायम बाहेरून घ्यावे लागते. पुण्याच्या एंडोक्रिनोलॉजिस्ट (संप्रेरकांच्या तज्ज्ञ) मॅडम मला टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचे १००० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर बारा आठवड्यांनी देत असत. तेलातले हे औषध स्नायूत अगदी सावकाश सोडावे लागते आणि पुढे कित्येक आठवडे ते थोडे थोडे रक्तात उतरत राहते. त्याची तपासणी पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी, म्हणजे पातळी सर्वांत खाली आलेली असताना करतात आणि त्या वेळीही ती ठरलेल्या मर्यादेत असली तर डोसला हात लावत नाहीत. ‘रक्त द्यायचे ते इंजेक्शनच्या दिवशी, सुई टोचण्याआधी’ ही सवय मला तिथे लागली होती आणि त्या औषधापुरती ती बरोबरच होती.

बँकेतल्या बढतीनंतर पुण्याच्या खेपा अवघड होऊ लागल्या, त्यातच मला सतत थकवा जाणवू लागला. याच सुमारास पुरुषांच्या आरोग्यासाठी म्हणून एक चकचकीत क्लिनिक आमच्या भागात सुरू झाले होते. तिथल्या समुपदेशक म्हणवणाऱ्या तरुणाने माझी फाईल चाळली आणि म्हणाला, “सर, यासाठी पुण्याला कशाला जाता? जुन्या पद्धतीचं औषध आहे हे. आपल्याकडे वर्षाचं पॅकेज घ्या, तपासण्या त्यातच.” पॅकेज अठ्ठेचाळीस हजारांचे होते. औषध बदलून टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट करण्यात आले, २५० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी.

सगळी गोम या बदलात होती. एनॅन्थेट टोचल्यावर पहिल्या काही दिवसांत पातळी झपाट्याने वर जाते आणि मग उतरत उतरत पुढच्या इंजेक्शनपर्यंत तळाला येते. म्हणून त्याची तपासणी दोन इंजेक्शनांच्या साधारण मध्यावर करायची असते. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तेव्हाचा आकडा ३५० ते ६०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या बाहेर असेल, तरच डोस किंवा अंतर बदलावे. माझे रक्त मात्र जुन्या सवयीप्रमाणे एकविसाव्या दिवशी, सुईच्या आधी घेतले जाई. आकडा आला १७८. त्या दिवशी तो कोणाचाही कमीच आला असता. “बघा, पुण्याचा डोस तुम्हाला किती अपुरा पडत होता!” असे मला सांगण्यात आले. वास्तविक पुण्याच्या औषधाचा या आकड्याशी काडीचाही संबंध नव्हता. तीन आठवड्यांचे अंतर दोनवर आणि नंतर दहा दिवसांवर आणले गेले. प्रत्येक जादा इंजेक्शनचे पैसे पॅकेजबाहेर होते, हे पावत्या पाहिल्यावर समजले.

तब्येत कशी वाटते हे विचारण्याचाही एक छापील फॉर्म होता. उत्साह, झोप, चिडचिड, कामेच्छा या प्रत्येकापुढे दहापैकी गुण द्यायचे. गुण कमी दिले तर ‘डोस कमी पडतोय’ आणि जास्त दिले तर ‘औषध लागू पडतंय, आता थोडं वाढवू म्हणजे टिकेल’. कोणत्याही उत्तरातून डोस कमी होण्याची वाटच त्या फॉर्ममध्ये ठेवलेली नव्हती. चेहरा लालबुंद झाला, तर ते तेज ठरले. डोके दुखू लागले, पायांवर सूज दिसू लागली, तर ‘शरीर जुळवून घेतंय’. घरी सौभाग्यवती मात्र रोज सकाळी म्हणत, “अहो, तुमचं घोरणं पूर्वी असं नव्हतं. मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो.” फॉर्ममध्ये घोरण्याचा रकाना नव्हता.

पॅकेजच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा रक्त घेण्याचा दिवस अचानक बदलला. या वेळी इंजेक्शननंतर तिसऱ्याच दिवशी बोलावले. आकडा १३८० आला आणि तो क्लिनिकच्या लेटरहेडवर हिरव्या रंगात, ‘उत्कृष्ट’ या शेऱ्यासह मला देण्यात आला. शेजारी सामान्य मर्यादा म्हणून ‘३०० ते १५००’ छापले होते. डोस वाढवायचा असला की तळाचा दिवस आणि पैसे भरून घ्यायचे असले की शिखराचा, असा हा हिशोब होता.

तो उघड झाला गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात. तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तर १५८/१००. बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिले, तर १९.१. त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा पाहिले आणि विचारले, “साहेब, कसली इंजेक्शनं घेता का?” रक्त घेतले नाही आणि ताबडतोब तज्ज्ञांकडे जायला सांगितले.

क्लिनिक रक्ताचे नमुने ज्या लॅबकडे पाठवत असे, तिथे ओळखपत्र दाखवून मी मूळ अहवाल मागितला. त्यावर बारकोडखाली नमुना घेतल्याची तारीख व वेळ होती आणि लॅबची मर्यादा १५०० पर्यंत मुळीच नव्हती. दुसऱ्या पानावर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, ५६.२ टक्के, जाड ठशात, वर जाणाऱ्या बाणासह. लेटरहेडवर ही ओळच नव्हती. ती तपासणी क्लिनिकनेच सांगितलेली होती, तिचे पैसे माझ्याकडून घेतले होते आणि निकाल त्यांच्याकडे पोचला होता. हे मला सगळ्यांत जास्त लागले. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेले की औषध थांबवून ते खाली येईपर्यंत वाट पाहायची असते, कारण रक्त दाट होते. शिवाय झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे का हेही तपासायचे असते. मला मात्र दर दहा दिवसांनी सुई टोचणे चालू होते.

पुण्याच्या मॅडमनी केसपेपर उघडताच पहिला प्रश्न केला, “शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलंत, आणि रक्त कोणत्या तारखेला दिलंत?” सव्वा वर्षात हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. इंजेक्शन बंद केले, झोपेची तपासणी झाली, पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) पाहिला. थकव्याचे कारण निघाले ते निराळेच. क्लिनिक माझे टीएसएच, म्हणजे पीयूषिकेकडून थायरॉइडला संदेश देणारे संप्रेरक, पाहून थायरॉइड ठीक असल्याचे सांगत असे. पण पीयूषिका ग्रंथीच बिघडलेली असेल तर टीएसएचला काही अर्थ उरत नाही, फ्री टी-४, म्हणजे रक्तातले खुद्द थायरॉइडचे संप्रेरक, पाहावे लागते. ते कमी होते. थायरॉक्सिन वाढवल्यावर, टेस्टोस्टेरॉन बंद असतानाही, मला बरेच हुशार वाटू लागले. काही महिन्यांनी हिमॅटोक्रिट ४८ वर आल्यावर जुने बारा आठवड्यांचे इंजेक्शन पुन्हा सुरू झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबायचे, आणि नुसता आकडा पाहून किंवा नुसते कसे वाटते ते ऐकून डोस हलवायचा नाही, अशी त्यांची रीत आहे.

क्लिनिककडे मी सर्व नोंदी लेखी मागितल्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. मला त्या मिळाल्या नाहीत. चिठ्ठीवर सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक छापलेला असावा लागतो, तोही नव्हता. टेस्टोस्टेरॉन हे अनुसूची ‘एच’मधले, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायचे औषध असताना समुपदेशकच अंतर ठरवत होता. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रारी दिल्या आहेत. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची असते आणि प्राथमिक चौकशीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपयोगी पडला. त्यानंतर क्लिनिककडून निरोप आला की ‘उपचारांबद्दल समाधानी आहे’ अशा कागदावर सही केल्यास निम्मे पैसे परत मिळतील. तो कागद मी लॅबच्या मूळ अहवालांसह तक्रारीला जोडला आहे.