सरकारी क्वार्टर घ्यायचं की एचआरए (घरभाडे भत्ता)? भुसावळला नवीन लागलेल्यांसाठी

भाच्याला भुसावळला केंद्र सरकारची नोकरी लागली, पगाराची लेव्हल ६, बेसिक (मूळ पगार) ३५,४०० आणि तो रोज फोन करून एकच विचारतो, मामा क्वार्टर घेऊ का भाड्याने राहू?

पैशांचं आधी. क्वार्टर घेतलं की एचआरए बंद आणि वर लायसन्स फी (क्वार्टरचं भाडं) पगारातून कापली जाते, पण ती किरकोळ असते. नाही घेतलं तर भुसावळसारख्या झेड शहराला (सगळ्यात कमी एचआरएचा गट) सध्या बेसिकच्या १० टक्के, म्हणजे सुरुवातीला ३,५४० रुपये. एवढ्यात बऱ्या वस्तीत घर मिळणं कठीण, पदरचे टाकावेच लागतात. एचआरएवर टॅक्सची सूटही जुन्या टॅक्स रिजीममध्येच.

राहायला म्हणाल तर जुन्या क्वार्टरला तोड नाही. जाड भिंती, उंच छत, पुढे अंगण, अंगणात कडुनिंब. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा या भिंतींची किंमत कळते, आणि बायका खाटेवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालतात ती जागा फ्लॅटमध्ये कुठून आणणार? नाइट ड्युटीवाल्याला तर घर जवळ असणं म्हणजे दोन तास जास्त झोप भो!

दुरुस्तीला मात्र पाठपुरावा करावा लागतो, आणि रिटायर झाल्यावर ठराविक मुदतीत घर सोडावंच लागतं.

म्हणून शिफ्ट ड्युटी, लहान पोरं, बाहेरगावचा माणूस असेल तर डोळे मिटून क्वार्टर. जळगाव-भुसावळात स्वतःचं घर आहे किंवा बायकोची नोकरी जळगावात आहे त्यांनी एचआरए घ्यावा. भाच्याला मी क्वार्टरचा अर्ज भरायला लावलाय.