पाळक पूर्णवेळ, अर्धवेळ की वाटून? छोट्या एपिस्कोपल मंडळीपुढचे पर्याय

पुण्या-नगरच्या सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च फारसं परकं वाटत नाही. प्रार्थनापुस्तक आहे, बिशप आहेत, प्रभुभोजनाचा क्रमही ओळखीचा. १९७० साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सी.एन.आय. झालं, त्यात अँग्लिकनही होते, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, आणि एपिस्कोपल चर्चही त्याच परंपरेतलं, तेव्हा हे नातं घरचंच म्हणायचं. गंमत पुढे सुरू होते. मंडळी लहान असेल, रविवारी तीस-पस्तीस माणसं आणि त्यातली निम्मी सत्तरीच्या पुढची, तर नव्याने आलेल्या कमावत्या माणसाला दोन-तीन वर्षांत वेस्ट्रीवर ओढतात. वेस्ट्री म्हणजे मंडळीची कार्यकारी समिती. तुम्ही बसता न बसता तोच कळतं की रेक्टर, म्हणजे मंडळीचे मुख्य पाळक, निवृत्त होताहेत, आणि पुढे काय करायचं हे तुम्हाला ठरवायचंय.

मीही अशाच एका वेस्ट्रीवर आहे. त्या खुर्चीत नव्याने बसलेल्यांसाठी हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक वेस्ट्र्या 'पाळक कसा परवडेल' इथून सुरुवात करतात, आणि खरा खर्च इमारतीत दडलेला असतो. इमारतीचं काय करायचं हे ठरल्याशिवाय पाळकाचा कुठलाही पर्याय टिकत नाही.

एक फरक मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्का करा. आपल्याकडे पाळकसाहेबांची नेमणूक आणि बदली डायोसिस (बिशपच्या देखरेखीखालचा विभाग) ठरवतं. इथे पॅरिश, म्हणजे स्वतंत्र दर्जा, असलेली मंडळी आपला रेक्टर स्वतः शोधते, बिशपशी सल्लामसलत करून बोलावते, आणि पगार, घरभाडं, पेन्शन, विमा सगळं स्वतःच्या अर्पणातून भागवते. डायोसिसला द्यायचा वार्षिक वाटा त्यावर. त्यामुळे वेस्ट्रीने निर्णय लांबवला तर वरून कोणी माणूस पाठवून देईल, ही आपली गावाकडची सवय इथे कामाची नाही.

पूर्णवेळ रेक्टर

सगळ्यांना हेच हवं असतं, म्हणून आधी आकडे मांडू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. किमान पगार प्रत्येक डायोसिस स्वतः ठरवतं. समजा पगार आणि घरखर्च मिळून ७०,००० डॉलर. त्यावर चर्च पेन्शन फंडाला १८ टक्के, म्हणजे १२,६०० डॉलर. कुटुंबाचा आरोग्य विमा ३०,००० धरा. प्रवास आणि प्रशिक्षण मिळवून आकडा १,१५,००० च्या आसपास जातो. आता दुसरी बाजू: पंचवीस कुटुंबं वर्षाला सरासरी २,८०० डॉलर देतात, तर ७०,००० जमतात. पाच लाखांची ठेव असेल आणि रूढ शिस्तीप्रमाणे तिच्यातले दरसाल चार-साडेचार टक्केच काढले, तर आणखी वीस-बावीस हजार. म्हणजे हीटिंग, छप्पर, इमारतीचा विमा, ऑर्गनिस्ट आणि डायोसिसचा वाटा यांना हात लागण्याआधीच तूट आहे.

ही तूट ठेवीच्या मुद्दलातून भरायचा मोह होतो. 'तरुण पाळक आणू, तीन वर्षांत तरुण कुटुंबं येतील, मग सगळं सावरेल,' असं कोणीतरी म्हणतंच. माझा यावर विश्वास नाही. आसपास नवी वस्ती उभी राहत असेल, शाळेत पटसंख्या वाढत असेल, तर एकवेळ हा धोका पत्करावा. गाव आटत असेल तर तीन वर्षांनी पाळकही जातात आणि ठेवही. शिवाय ठेवीतला काही भाग देणगीदारांनी विशिष्ट कामासाठी बांधून दिलेला असतो, 'फक्त संगीतासाठी', 'फक्त कंपाउंडच्या देखभालीसाठी'. तो पगारात वळवता येत नाही. खजिनदारांकडून बांधील आणि मोकळ्या रकमेची वेगवेगळी यादी लेखी मागून घ्या. तोंडी उत्तर चालवून घेऊ नका.

इमारत

वर्षातला प्रत्येक इमारतखर्च एका कागदावर लिहा. पुढच्या दहा वर्षांत छप्पर, बॉयलर, पार्किंगचं डांबरीकरण यांना लागणारी रक्कम दहाने भागून त्यात मिळवा. ही बेरीज अर्ध्या पाळकाच्या खर्चाएवढी किंवा जास्त आली, तर पाळकाची वेळ कमी करून काहीही साधणार नाही. वाचलेला पैसा छपरात जाईल.

भाड्याने देणं हा पहिला उपाय: बालवाडी, स्पॅनिश किंवा कोरियन मंडळी, संगीतवर्ग. विकायचा विचार असेल तर १९७९ चा तो नियम माहीत हवा, ज्याला इथे 'डेनिस कॅनन' म्हणतात. त्यानुसार पॅरिशची मालमत्ता डायोसिस आणि संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली असते. बिशप आणि डायोसिसची स्टँडिंग कमिटी यांच्या संमतीशिवाय चर्च विकता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. आपल्याकडे मिशनच्या जमिनींवरून जे खटले चालतात ते ऐकून असाल, तर हा नियम का झाला ते वेगळं सांगायला नको.

अर्धवेळ पाळक

कागदावर हा सगळ्यात सोपा मार्ग दिसतो, आणि पुष्कळ मंडळ्यांना तो मानवतोही. पेन्शनचे १८ टक्के अर्धवेळ पाळकालाही लागू असतात, पण कमी पगारावर. खरी बचत आरोग्य विम्यात होते. चर्चच्या विमा योजनेत वर्षाला १,५०० तास किंवा जास्त काम असलेल्यांनाच सक्तीने घ्यावं लागतं. आठवड्याला वीस तासांचा पाळक त्या रेषेच्या बराच खाली राहतो. त्यांना विमा दुसऱ्या नोकरीतून किंवा जोडीदाराकडून मिळत असेल तरच हे न्याय्य आहे. नाहीतर आपली बचत म्हणजे त्यांची वैद्यकीय बिलं, आणि असं करताना मला तरी लाज वाटेल.

अर्धवेळ पाळक येतात कुठून? काही जण रुग्णालयात चॅपलिन (तिथले नेमलेले पाळक) असतात, काही शिक्षक. काही निवृत्त असतात. एपिस्कोपल नियमांप्रमाणे ७२ व्या वर्षी पद सोडावं लागतं. त्यानंतर बिशपच्या परवानगीने एकेका वर्षाच्या मुदतीने काम करता येतं. निवृत्त पाळक अनुभवी असतात, गावात त्यांची ओळखही असते. पण त्यांच्या भरवशावर दहा वर्षांची योजना आखता येत नाही. ऑस्टिनच्या सेमिनरी ऑफ द साउथवेस्टशी जोडलेलं आयोना कोलॅबरेटिव्ह नोकरी सांभाळून पाळक होणाऱ्यांना डायोसिसच्या मदतीने शिकवतं. आपल्या डायोसिसची अशी काही सोय आहे का, हे बिशपच्या कार्यालयात विचारून बघा.

फसगत एकाच ठिकाणी होते: पगार अर्धा, काम पूर्ण. अंत्यविधी मंगळवार-गुरुवार बघून येत नाही. नेमणुकीच्या करारात कामाचे दिवस लिहिता, तशीच पाळक करणार नसलेल्या कामांची यादीही लिहा आणि प्रत्येक कामापुढे मंडळीतल्या माणसाचं नाव घाला. आजारी सभासदांकडे प्रभुभोजन नेणं परवानाधारक लोकांना करता येतं. प्रार्थनापुस्तकातली सकाळची उपासना कोणीही सामान्य सभासद चालवू शकतो. म्हणजे महिन्यातले एक-दोन रविवार पाळकाशिवाय जाऊ शकतात. नावं भरता आली नाहीत, तर तुम्हाला अर्धवेळ पाळक परवडत नाही, पैसे असले तरी.

वाटून घेतलेला पाळक

नगर जिल्ह्यात एका पाळकाकडे चार-पाच गावच्या मंडळ्या असणं आपल्याला नवं नाही. अमेरिकन माणसाला मात्र यात कमीपणा वाटतो. 'आम्ही १८८० पासून स्वतंत्र पॅरिश आहोत' अशा थाटाचं वाक्य वेस्ट्रीत हमखास येतं. तिथे मराठी माणसाचा उपयोग होऊ शकतो. दोन शब्दांत सांगा, की असं चालतं, आणि चांगलं चालतं.

दुसऱ्या एपिस्कोपल मंडळीबरोबर वाटणी करणं नियमांच्या दृष्टीने सरळ आहे. पण लहान गावांत पुढचं एपिस्कोपल चर्च चाळीस मैलांवर असू शकतं, आणि लुथरन चर्च दोन चौक सोडून. २००१ पासून एपिस्कोपल चर्च आणि इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका यांच्यात पूर्ण सहभागिता आहे, त्यामुळे बिशपांच्या परवानगीने लुथरन पाळक एपिस्कोपल मंडळीत सेवा करू शकतात आणि उलटही. पाळक आपल्या मूळ चर्चच्याच पेन्शन योजनेत राहतात, तेव्हा करार करताना कोणाचा वाटा कोणत्या खात्यात भरायचा ते दोन्ही खजिनदारांनी एकत्र बसून ठरवावं.

भांडणं देवशास्त्रावरून होत नाहीत. ती वेळेवरून होतात. साडेआठची उपासना कोणाची, साडेदहाची कोणाची? नाताळच्या आदल्या रात्री पाळक कुठे, ईस्टरच्या सकाळी कुठे? माझी सूचना: वर्षाआड अदलाबदल करा, आणि हे करारात लिहा. 'समजुतीने घेऊ' म्हणून सोडलं की पहिल्याच डिसेंबरमध्ये रुसवेफुगवे.

लुथरन शेजारी जवळ असेल तर माझ्या मते छोट्या मंडळीसाठी हा सर्वांत सशक्त पर्याय, कारण इथे पुढे एकाच इमारतीत जाण्याची वाट उघडी राहते. दोन बॉयलरऐवजी एक. दोन मंडळ्या, दोन नावं, दोन समित्या तशाच राहू शकतात. फक्त सामोपचाराने बोलणारी चार माणसं दोन्हीकडे हवीत. ती आहेत का, ते सुगीच्या सणाचं जेवण एकदा एकत्र करून बघितलं तरी कळतं.

स्थानिक लोकांची सेवामंडळी

पगारी पाळकच नको, मंडळीतल्याच माणसांना दीक्षा देऊ, अशी ही पद्धत. रोलंड ॲलन (१८६८–१९४७) या इंग्रज मिशनऱ्याने चीनमधल्या अनुभवावरून ती मांडली: बाहेरून आलेल्या पगारी मिशनऱ्यावर अवलंबून असलेलं चर्च स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून नेवाडात बिशप वेस्ली फ्रेन्सडॉर्फ यांनी, आणि पुढे नॉर्दर्न मिशिगनमध्ये बिशप थॉमस रे यांनी ती नेटाने राबवली. विरळ वस्ती, लांबच्या लांब रस्ते, बर्फ. अशा ठिकाणी दुसरं काही शक्यही नव्हतं. मंडळी आपल्यातली माणसं निवडते, ती एकत्र शिकतात, एखाद-दोघांना बिनपगारी पाळक म्हणून दीक्षा मिळते, एखादा डिकन (पाळकाच्या खालचा दीक्षित सेवक) होतो, काही जण उपदेश करतात. भागातला एक पगारी मार्गदर्शक अधूनमधून येऊन पाहतो.

गावातल्या प्रचारकांनी आणि सामान्य सभासदांनी मंडळ्या तगवल्याच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्यांना हे आवडेल. मलाही आवडतं. पण पैशांत स्वस्त असलेली ही पद्धत वेळेच्या हिशेबात फार महाग पडते. प्रशिक्षणाला काही वर्षं लागतात. पाच-सहा जण कायमचे हवेत. साठीतला गट घेतला, तर पंधरा वर्षांनी दुसरी फळी कुठून आणणार? आणि पाळक तुमचाच शेजारी असल्यामुळे कुंपणाचा वाद वेदीपर्यंत येऊ शकतो. नोकरी आणि मुलं सांभाळणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांवर या पद्धतीत फार ओझं येतं, हेही धरून चाला.

एकत्र येणं, किंवा बंद करणं

वरच्या पातळीवर एकत्रीकरण जोरात आहे. २०२४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या तीन डायोसिस पुन्हा एक झाल्या, मिशिगनमधल्या दोन मिळून 'ग्रेट लेक्स' झाली. त्याच वर्षी प्रिसाइडिंग बिशप, म्हणजे संपूर्ण एपिस्कोपल चर्चचे प्रमुख, झालेले शॉन रो यांनी आधी पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमधल्या दोन शेजारी डायोसिस एकाच वेळी सांभाळल्या होत्या. डायोसिसांचे कार्यालयीन खर्च त्यामुळे कमी होऊ शकतात. दोन थकलेल्या मंडळ्या एकत्र केल्या तर मात्र एक मोठी थकलेली मंडळी होते, आणि 'त्यांचं चर्च' म्हणून काही जण येणंच सोडतात. विलीनीकरण तेव्हाच करा जेव्हा दोघींपैकी एकीकडे तरी मुलांचा आवाज आहे.

बंद करण्याचा निर्णय ठेव शिल्लक असताना घेतला तर मंडळी काही ठरवू शकते: कोणाला काय द्यायचं याबद्दल बिशपांकडे विनंती करू शकते, ऑर्गन दुसऱ्या चर्चला जाऊ शकतो, बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या डायोसिसच्या अभिलेखागारात नीट पोहोचतात. पैसे संपल्यावर फक्त कुलूप उरतं. एपिस्कोपल चर्चकडे अभिषिक्त इमारतीला निरोप देण्याचा स्वतंत्र विधीही आहे, तो बिशप चालवतात. बऱ्याच चर्चच्या भिंतीत किंवा बागेत मृतांची रक्षा ठेवलेली असते. त्या प्रत्येक कुटुंबाला शोधून विचारावं लागतं, आणि याला महिने लागतात. या चर्चेत आपण जरा कमी बोलावं असं मला वाटतं. आपण पाच-सात वर्षांपूर्वी आलो. समोरच्या बाईंचे आईवडील आणि नवरा त्या बागेत आहेत.

मग कोणतं?

इमारतखर्च आटोक्यात आणि कामं घेणारे आठ-दहा जण असतील, तर अर्धवेळ. इमारत डोईजड आणि जवळ लुथरन असतील, तर वाटून, आणि दोन-तीन वर्षांत एका छपराखाली. शंभर मैलांत कोणी नाही पण माणसं चिवट आहेत, तर स्थानिक सेवामंडळी. वस्ती वाढत असेल तरच पूर्णवेळ, तेही ठेवीचं मुद्दल न फोडता. यातलं काहीच लागू होत नसेल तर बिशपांना बोलवा आणि बंद करण्याबद्दल मोकळेपणाने विचारा.

वेळापत्रक सांभाळा. वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी जानेवारीत असते, आणि मंडळीचा वार्षिक अहवाल १ मार्चपर्यंत द्यावा लागतो. त्यातले मागच्या दहा वर्षांचे उपस्थिती आणि अर्पणाचे आकडे आयतेच मिळतात, ते सभेपुढे ठेवा. रेक्टर गेल्यावर घाईने नवीन माणूस शोधू नका. वर्षभरासाठी इंटरिम, म्हणजे मधल्या काळापुरता, पाळक मागा, आणि इमारतीचा निर्णय त्या वर्षातच लावायचा हे त्यांच्या करारातच लिहून घ्या, कारण जुन्या रेक्टरांना जे बोलायला अवघड जायचं ते इंटरिमला बोलता येतं.