२,४-डी अमाइन सॉल्ट ५८ टक्के: गव्हात चोख, द्राक्षबागेशेजारी नको

गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डीचे अमाइन सॉल्ट ५८ टक्के हे द्रवरूप तणनाशक आम्ही निफाड भागात वापरतो आणि तेवढ्या कामापुरते ते चोख आहे, असे माझे मत आहे. चाकवत आणि गाजरगवत यांचे शेंडे फवारणीनंतर एक-दोन दिवसांतच खाली वळतात, देठांना पीळ पडतो, पुढे खोड सुजून तडकते आणि दोन-तीन आठवड्यांत झाड वाळते. वनस्पतीची वाढ ठरवणाऱ्या ऑक्झिन या संप्रेरकाची ही कृत्रिम प्रतिकृती आहे; रुंद पानांच्या झाडाला तिचे लवकर विघटन करता येत नसल्याने त्याची वाढ बेताल होते, गहू मात्र ती बऱ्याच अंशी निष्प्रभ करतो. हरळी हे गवतच असल्याने तिच्यावर याचा उपयोग नाही आणि हरणखुरीचा वेल जळला तरी खोल मुळांतून पुन्हा फुटतो.

पेरणीनंतर ३० ते ३५ दिवसांनी, फुटवे आल्यावर पण कांडी धरण्यापूर्वी, म्हणजे खोडाला पेरे सुटण्यापूर्वी, फवारणी करावी. घाई केल्यास ओंब्या वेड्यावाकड्या निघतात. आमच्याकडे खरी अडचण याच मुदतीची आहे, कारण नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाची फवारणी डिसेंबरात येते आणि तेव्हा ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या अवस्थेत असतात. द्राक्षवेलीला याचा अत्यल्प अंशही सोसत नाही. बाधित पान उजेडात धरून पाहिले, तर ते पंख्यासारखे आखडलेले, शिरा एकमेकींना जवळजवळ समांतर आणि कडा टोकदार दातेरी झालेल्या दिसतात. शेजाऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचे असे नुकसान कोणत्याही खुरपणीच्या मजुरीपेक्षा महाग आहे. इथिल एस्टर ३८ टक्के हा २,४-डीचाच दुसरा प्रकार फवारल्यानंतरही वाफेने दूर जातो, म्हणून द्राक्षपट्ट्यात तो आणूच नये. अमाइन सॉल्ट फारसे उडून जात नाही, परंतु वाऱ्यावर जाणारे बारीक थेंब त्याचेही असतात. त्यामुळे बांधाला बाग असेल तिथे मी खुरपणीच सुचवेन.

क्षारयुक्त विहिरीच्या पाण्यात औषधाचा परिणाम घटतो, तेव्हा शक्यतो गोडे पाणी वापरावे. डोळ्यांना ते गंभीर इजा करू शकते, म्हणून मिश्रण करतानाही चष्मा हवा. पंप मात्र वेगळाच ठेवावा, कारण नुसत्या पाण्याने धुतल्यावरही नळीत राहिलेला अंश पुढच्या फवारणीत कपाशी किंवा टोमॅटोची पाने आकसून टाकतो.