दारात रक्ताळलेला मित्र: शहरी फँटसीचे चार खेळ शेजारी शेजारी

रात्रीचे साडेबारा. बेल वाजते. दारात जुना मित्र उभा. शर्टावर रक्त, आणि ते त्याचं नाही. "आजची रात्र राहू दे. काही विचारू नकोस."

नवा रोलप्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन गोष्ट रचायचा खेळ, हातात आला की मी आधी त्यात हा प्रसंग खेळून बघते. नियमांचं पुस्तक कितीही जाडजूड असो, या एका दारात त्याची परीक्षा होते. हा लेख त्या ग्रुपसाठी आहे ज्याचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळून झालंय, ज्याला आता किल्ले आणि ड्रॅगन नकोत. आपल्यासारखंच शहर हवं, त्यात लपलेली भुतंखेतं हवीत, मैत्री हवी, प्रेमप्रकरणं हवीत आणि कोण कोणाला आतून सामील आहे याचा थांग लागू नये अशी गुंतागुंत हवी. 

बहुतेक लोक खेळ निवडताना जगाचं वर्णन वाचतात. मी म्हणेन, कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, उघडा आणि दुसऱ्या माणसाबद्दल लिहायला तिथे कुठली जागा ठेवलीय ते बघा. खेळ जे लिहून ठेवायला लावतो तेच टेबलावर घडतं, बाकीचं प्रस्तावनेतच राहतं.

सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करू. 'व्हँपायर: द मास्करेड' 1991 साली आला. सध्या चालते ती पाचवी आवृत्ती 2018 ची. दहा बाजूंचे फासे मूठभर टाकायचे, सहा किंवा वर पडलं की यश. पण तुमच्या पात्राला भूक असते, शून्य ते पाच, आणि जितकी भूक तितके साधे फासे बाजूला काढून लाल फासे घ्यायचे. आता दारातला मित्र बघा. तुमची भूक चारवर आहे आणि त्याच्या शर्टाला ताजा वास येतोय. तुम्ही त्याला शांत करायला फासे टाकता, दोन दहा पडतात, त्यातला एक लाल. म्हणजे दणदणीत यश, पण आतल्या जनावराच्या पद्धतीने. मित्र शांत होतो खरा, कारण तोपर्यंत तुमचे दात त्याच्या मानेत आहेत.

प्रेमासाठी या खेळात दोन जागा आहेत. एक म्हणजे टचस्टोन: एखादा जिवंत माणूस, ज्याच्यामुळे तुमच्यात अजून माणुसकी शिल्लक आहे. दुसरी जागा जास्त वाईट. एकाच व्हँपायरचं रक्त तीन वेगवेगळ्या रात्री प्यायलं की पिणारा त्याला बांधला जातो, आणि त्याला ते बंधन प्रेमच वाटतं. आमच्या टेबलावर एकाने आपल्या टचस्टोनला, म्हणजे बहिणीसारख्या मैत्रिणीला, स्वतःचं रक्त पाजलं. पहिल्यांदा तिचा जीव वाचवायला. दुसऱ्यांदा ती आजारी होती म्हणून. तिसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं, आणि "मी तिला देतो" एवढं म्हणून तो गप्प बसला. चहा गार झाला तरी कोणी कपाला हात लावला नाही. प्रेमाबद्दल इतकं भेदक काही सांगणारा नियम दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेला नाही.

युतीचा हिशोब इथे उपकारांच्या भाषेत चालतो: क्षुल्लक, लहान, मोठा आणि थेट जीवदान, अशा चढत्या पायऱ्या. शहराच्या दरबारात हार्पी नावाची एक मानकरी मंडळी असते, कोण कोणाचं देणं लागतो ते त्यांना तोंडपाठ. लग्नातली आहेराची वही जिच्या ताब्यात असते त्या आत्या आठवा, हार्पी म्हणजे तीच. देणं बुडवलं की दरबारात पत गेली.

मैत्रीच्या बाबतीत मात्र हा खेळ कोरडा आहे. एकत्र राहणाऱ्या टोळीला तो कोटरी म्हणतो आणि तिचं वेगळं शीटही देतो, पण ती माणसं सोयीपुरती एकत्र आलेली वाटतात. शिवाय तेरा कुळं, त्यांची भांडणं, तीस वर्षांत साचलेला इतिहास, हे सगळं जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, डोक्यावर. तुमच्यात कोणी असला पसारा आवडीने वाचणारं नसेल तर हा खेळ दोन महिन्यांत बंद पडेल.

'अर्बन शॅडोज' मध्ये तेच उपकार केंद्रस्थानी आहेत, आणि पसारा जवळजवळ नाही. मॅग्पाय गेम्सने तो 2015 मध्ये काढला, लेखक अँड्र्यू मेडेरोस आणि मार्क डियाझ ट्रुमन. दोन साधे सहा बाजूंचे फासे पुरतात. दहा किंवा वर म्हणजे काम फत्ते, सात ते नऊ म्हणजे काम झालं पण काहीतरी गमावून, सहा किंवा खाली म्हणजे आता जीएमची पाळी.

पात्रं तयार करतानाच प्रत्येकाच्या शीटवर देणी आणि येणी लिहिली जातात: ही तुला कशापासून तरी वाचवते आहे, तू तिचं एक देणं लागतोस. पहिला फासा पडण्याआधीच पाचही जण एकमेकांत अडकलेले असतात. आता दार उघडा. मित्र विनवणी करत नाही. तो म्हणतो, "त्या पुलाखालच्या रात्रीचं एक येणं आहे माझं. आज वसूल करतो." नकार देता येतो, पण त्यालाही फासे टाकावे लागतात, आणि पडले वाईट तर महागात पडतं.

सगळ्यात मजेची गोष्ट पुढे आहे. देणं एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकतं. तुम्ही माझं देणं लागता आणि मी तिचं देणं लागते, तर ती मला सांगू शकते की तुझं येणं माझ्या नावावर कर. सरळ हुंडीच. आमचा खेळ मुंबईत, गिरणगावात होता. बंद गिरणीच्या चिमणीखाली एक मुंजा (स्पेक्टर हे प्लेबुक, म्हणजे पात्राचा तयार साचा, त्याला छान बसतं) आणि शिवडीकडे एक निवृत्त भूतशिकारी, दोघं जुने दोस्त. चौथ्या सेशनला एक भलतीच व्हँपायर बाई त्या शिकाऱ्याच्या दारात आली आणि मुंजाचं येणं तिने वसूल केलं. शिकाऱ्याने एवढंच विचारलं, "हे तुझ्याकडे कसं आलं?" मुंजा खेळणारा मुलगा छताकडे बघत बसला. खोटं कोणीच बोललं नव्हतं, पण त्या एका प्रश्नातून दीड महिन्याची छुपी युती बाहेर आली.

शहरात चार गट आहेत: साधी माणसं, रात्रीचे जीव, जादूची सत्ता असलेले आणि रानटी, परक्या जगातले. पहिल्या आवृत्तीत पात्राची प्रगती व्हायची तर या चारही गटांशी व्यवहार व्हावाच लागतो. आपलं आपल्यात राहून इथे कोणी मोठं होत नाही, आणि मला हा नियम फार आवडतो. दुसऱ्या आवृत्तीत गटातली तुमची पतही मोजली जाते.

आपल्याकडच्या भुतांना हा खेळ आयता बसतो, कारण त्यांचा कारभार आधीपासूनच देण्याघेण्यावर चालत आलाय. कोकणातला राखणदार शेत राखतो आणि त्या बदल्यात त्याला वर्षाची राखण पोचवावी लागते. नवस बोलायचा आणि फेडायचा. चुकलं तर गाऱ्हाणं. हे सगळं इंग्रजी नियमांत कोंबावं लागेल अशी आम्हाला धास्ती होती, पण शब्द बदलण्यापलीकडे काहीच करावं लागलं नाही.

प्रेमासाठी इथे प्रत्येक प्लेबुकला जवळिकीचा एक नियम आहे, आणि जवळीक शरीराचीच असली पाहिजे असं नाही. गच्चीवर पहाटेपर्यंत मन मोकळं करणंही चालतं. पण त्यातूनही बहुतेक वेळा नवा गुंता किंवा नवं देणंच निघतं, तेव्हा हळुवार प्रेमकथेची अपेक्षा ठेवू नका. आणखी एक त्रास: सहा सेशननंतर शीटवर इतकी देणी साचतात की कोणीतरी मुनीम व्हावं लागतं. गप्प बसणारा खेळाडू असेल तर त्याची येणी तशीच पडून राहतात, आणि मग खेळ तिघांचाच होतो.

'मॉन्स्टरहार्ट्स' थोडक्यात सांगते. अ‍ॅव्हरी ऑल्डर यांचा खेळ, 2012 चा, दुसरी आवृत्ती 2017 ची. खरं तर हा शहराचा खेळ नाही. लहान गाव, एक शाळा, आणि सुरुवातीलाच जीएम वर्गातल्या बाकांचा नकाशा काढतो. आम्ही तो उचलून वसतिगृहात नेला आणि सगळी पात्रं विशीपुढची ठेवली. तुम्हीही तसंच करा. इथे शीटवर दोऱ्या लिहिल्या जातात: कोणाच्या मनाची किती दोरी तुमच्या हातात आहे. दारातला मित्र काही मागत नाही, नुसता बघतो. फासे पडतात आणि तुमची एक दोरी त्याच्याकडे जाते. आपलं पात्र कोणाकडे ओढलं जाईल हे खेळाडूने ठरवायचं नाही, फासे ठरवतात, हा या खेळाचा कणा आहे. त्यामुळे मत्सर, रुसवे, पाडून बोलणं हे सगळं झकास जमतं, आणि अनोळखी लोकांबरोबर खेळलं तर भलतंच अवघडून जायला होतं. एक्स कार्ड ठेवा, म्हणजे फुली मारलेला साधा कागद. कोणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. खरं तर चारही खेळांत ठेवा, पण इथे त्याशिवाय बसूच नका.

उरला 'ड्रेस्डेन फाइल्स', इव्हिल हॅटचा, 2010 चा, दोन जाडे खंड. शिकागोत घडणाऱ्या जिम बुचर यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला, पण त्या वाचलेल्या नसल्या तरी अडत नाही, कारण आधी सगळ्यांनी मिळून आपलं शहर रचायचं असतं. मग पात्रं, आणि पात्राच्या पूर्वायुष्याच्या शेवटच्या दोन टप्प्यांत ते दुसऱ्या खेळाडूंच्या पात्रांच्या गोष्टींत पाहुणं म्हणून आलंच पाहिजे. म्हणजे खेळ सुरू होतो तेव्हा दारातला तो मित्र तुमच्या शीटवर आधीच असतो, एका वाक्याच्या रूपात: "याच्यासाठी माझं दार कधी बंद नसतं." जीएम एक फेट पॉइंट, म्हणजे पुढे अडचणीत वापरता येणारं टोकन, पुढे सरकवतो. घेतला तर दार उघडलं आणि मित्रामागून येणारी बलाही घरात आली. नको असेल तर उलट तुमच्याकडचा एक पॉइंट द्यायचा. मी दोन वेळा दार बंद ठेवायचं ठरवलं होतं, आणि दोन्ही वेळा पॉइंट उचलला.

मैत्रीसाठी या चारांत याच्या जवळपास कोणी येत नाही. ज्याच्याकडे कुठलीच जादू नाही अशा साध्या माणसालाही खेळ दोन जादा रिफ्रेश (म्हणजे सेशनच्या सुरुवातीला मिळणारे फेट पॉइंट) देतो, त्यामुळे जादूगाराशेजारी उभी राहणारी हवालदारीण नुसती शोभेची उरत नाही. फासे वेगळे लागतात, अधिक, उणे आणि कोरी बाजू असलेले चार, पण साध्या फाशांवर एक-दोन म्हणजे उणे, तीन-चार कोरे, पाच-सहा अधिक असं धरून भागतं. खंड जड वाटले तर 2017 ची अ‍ॅक्सिलरेटेड आवृत्ती पुष्कळ हलकी आहे.

छुप्या युत्यांना मात्र तो कामाचा नाही, कारण सगळी वाक्यं टेबलावर उघडी पडलेली असतात. अर्थात इथे प्रत्येक ग्रुपने एकदा स्वतःला विचारायला हवं: गुपित पात्रांपासून लपवायचं की खेळाडूंपासून? आम्ही एकदा खेळाडूंपासून लपवून बघितलं. व्हँपायर चालू असताना दोघं जण शेजारच्या खोलीत जाऊन कट शिजवत, जीएमला वेगळे मेसेज जात, आणि उरलेले तिघं मोबाइल चाळत बसत. शेवटी गौप्यस्फोट झाला तेव्हा त्या तिघांची प्रतिक्रिया होती, "बरं, मग?" त्यांना त्यात आधीपासून काही दिसलंच नव्हतं. खेळाडूंना ठाऊक आणि पात्रांना नाही, अशी गुपितं जास्त रंगतात. मावशी खुनी आहे हे प्रेक्षकाला माहीत असतं आणि नायक तिच्याच हातचा चहा पितो, तसं. अर्बन शॅडोज याला सगळ्यात सोयीचा, कारण देणं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहिलं जातं, फक्त ते कुठे वाहत जाईल ते दिसत नाही.

माझा कौल असा. पहिल्यांदाच शहरी फँटसी खेळताय, चारपाच जण आहात आणि सगळे बोलके आहात, तर अर्बन शॅडोज घ्या. दर आठवड्याला नेमाने बसणारे तिघं-चौघं असाल आणि एकाला वर्षभर वाचत बसण्याची हौस असेल, तर व्हँपायर. तो त्या कष्टाचं पुरेपूर देतो. एकमेकांची टर उडवत खुनाचा माग काढायचा असेल तर ड्रेस्डेन. मॉन्स्टरहार्ट्स दोनतीन सेशनपुरता, वर्षानुवर्षांच्या मित्रमैत्रिणींबरोबर, मोठ्या खेळांच्या मधल्या सुट्टीत.

पुस्तकं चारही इंग्रजीत आहेत, पण टेबलावर मराठीच बोला, संज्ञासुद्धा मराठीत आणा. स्ट्रिंगला दोरी म्हटलं की लगेच कळतं. आणि अर्बन शॅडोज घेतलात तर डेटला पहिल्या दिवसापासून देणं म्हणा. आम्ही म्हटलं नव्हतं. पहिल्याच सेशनला शिकारी मुंजाला अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "तुझ्याकडे माझी एक डेट बाकी आहे," आणि पुढची दहा मिनिटं खेळ बंद होता.