जुन्या सुती कपड्यांसाठी ‘एम ब्रँड’ रंग: काय जमतं, कुठे फसतं

ट्रंकेतून निघालेला मलमलीचा सदरा, क्रोशाची लेस लावलेला परकर, विटलेली सुती नऊवारी, परदेशातल्या जुन्या बाजारात मिळालेला लिननचा झगा. असा कपडा नव्याने रंगवून त्यावर भरतकाम किंवा ठिगळकाम करायचं असेल, तर आज घरी वापरता येण्यासारख्या रंगांत ‘एम ब्रँड’ किंवा ‘कोल्ड ब्रँड’ म्हणून विकले जाणारे रिअॅक्टिव्ह रंग सर्वांत चांगले. अट एकच: कपडा सूत, लिनन किंवा रेयॉनचा असायला हवा. रेशीम, जर आणि टेरिकॉट (सूत-पॉलिएस्टरचं मिश्र कापड) यांसाठी ते घेऊ नयेत. या रंगांच्या नावाने होणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ रंगात नसतं. कपडा न वाचता, म्हणजे तो कशाचा आहे ते न तपासता, बादलीत टाकलेला असतो.

हे रंग आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९५६ साली ‘प्रोशन’ नावाने बाजारात आणले. त्यांचं वेगळेपण असं, की सोड्याच्या अल्कलीत ते धाग्यातल्या सेल्युलोजशी (सूत, लिनन, रेयॉन ज्याचे बनतात त्या द्रव्याशी) थेट रासायनिक बंध जोडतात, तेही साध्या कोमट पाण्यात. उकळणं नाही, वाफवणं नाही. पन्नास-साठ वर्षं वापरलेल्या कापडाला उकळत्या पाण्यात घुसळणं सोसत नाही, म्हणून इथे याचं मोल मोठं आहे. पुडीतले घरगुती रंग बहुधा डायरेक्ट जातीचे असतात. ते धाग्याला नुसते धरून राहतात आणि दर धुण्याला थोडे सुटतात. अमेरिकेत मिळणारा ‘रिट’चा सर्वसाधारण रंग म्हणजे डायरेक्ट आणि अॅसिड (रेशीम, लोकर, नायलॉनवर बसणाऱ्या) रंगांचं मिश्रण. त्याने सुताबरोबर नायलॉनची लेसही रंगते, ही त्याची जमेची बाजू. पण धुण्याला टिकण्यात तो एम ब्रँडच्या जवळ येत नाही.

मुंबईत मशीद बंदरच्या रंग-रसायनांच्या बाजारात हे रंग सुटे मिळतात. डब्यावरचं अक्षर नीट वाचावं. ‘एम’ म्हणजे थंड्या पाण्यातला रंग. ‘एच’ असेल तर तो गरम जातीचा, त्याला साधारण ८० अंशांचं पाणी लागतं. दुकानात एम मागितल्यावर फिरोजी रंग मात्र एच जातीचा हातात पडू शकतो आणि मग कोमट पाण्यात तो फिकाच राहतो. परदेशातल्या वाचकांना जॅकार्ड कंपनीचे रंग ‘प्रोशन एमएक्स’ नावाने मिळतील. एक पिवळा (डब्यावरची छटेची खूण ८जी), एक लाल (५बी), एक निळा (आर किंवा २जी) एवढ्यावर सुरुवात करावी. पूड कोरडी आणि घट्ट झाकणात ठेवली तर वर्ष-दोन वर्षं चांगली राहते. दमट हवेत डबा उघडा राहिला की तिची ताकद जाते.

आता कपडा वाचणं. आतल्या शिवणीतून एक-दोन धागे काढून जाळावेत. सूत, लिनन आणि रेयॉन कागदासारखे जळतात आणि मऊ राख पडते. रेशीम-लोकर जळल्या केसांचा वास देते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. साठ-सत्तरच्या दशकांतले अनेक शर्ट आणि झगे टेरिकॉटचे असतात. त्यांतलं सूतच काय ते रंगतं, त्यामुळे गडद लाल हवा असताना फिका गुलाबी मिळतो. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. थेंब कापडावर मोत्यासारखा उभा राहिला, तर खळ, तेल किंवा सुरकुत्या न पडण्याचं रेझिन कापडात आहे असं समजावं. खळ आणि तेल धुऊन निघतं, रेझिन निघत नाही. तिथे रंग ठिगळ-ठिगळ बसणार.

जुन्या झग्यांवर टिकल्या असतील तर विशेष सांभाळावं. १९२०-३० च्या सुमाराच्या पाश्चात्त्य झग्यांवर जिलेटिनच्या टिकल्या सापडतात. त्या पाण्यात विरघळतात आणि चिकट डाग मागे ठेवतात. एक टिकली काढून कोमट पाण्यात टाकून पाहावी. मऊ पडली तर तो कपडा रंगवायचा विचार सोडून द्यावा. तसंच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या पाश्चात्त्य रेशमाचं. वजन वाढवण्यासाठी त्यात कथिलाचे क्षार भरलेले असायचे आणि त्यामुळे ते घडीवर चिरत जातं. पाण्यात टाकलं की हाती लक्तरं येतात. लोखंडी हूक, बटणं, चापाची बटणं आधीच काढून ठेवावीत. मिठाच्या पाण्यात ती गंजतात आणि गंजाचा डाग कुठल्याही रंगाखाली झाकला जात नाही.

इरकलसारख्या साड्यांत अंग सुती आणि काठ कृत्रिम रेशमाचे, म्हणजे रेयॉनचे असू शकतात. रेयॉन सुतापेक्षा जास्त रंग पितं, त्यामुळे निळ्या बादलीतून लाल काठ जांभळट काळे होऊन येतात. पदर-काठ उसवून बाजूला ठेवावेत आणि अंग रंगवून झाल्यावर परत जोडावेत, हाच खरा मार्ग. जरीची पैठणी या रंगात घालूच नये. जर रंगत नाही, पण आतला धागा रंगतो आणि तारांच्या फटींतून डोकावतो. मिठाने धातूही काळवंडतो.

पूर्वधुलाई टाळण्याचा मोह होतो, तो आवरावा. १० लिटर पाण्याला २० ग्रॅम सोडा अॅश (कोरडी पूड असलेला धुण्याचा सोडा) आणि थोडा लिक्विड साबण घालून साधारण ६० अंशांवर अर्धा तास कपडा ठेवावा. चहासारखं तपकिरी पाणी निघालं तर पुन्हा तसंच धुवावं. हा मळ राहिला की त्या जागी रंग उजळ किंवा काळपट बसतो. ओलं झालेलं धड सूत कोरड्यापेक्षा बळकट असतं, रेयॉन मात्र ओलं झालं की कमजोर होतं. तरीही जीर्ण कपडा खांद्याला धरून उचलू नये, पाण्याच्या भारानेच तो फाटतो. जाळीच्या पिशवीत किंवा खाली जुनी चादर घालून झोळीसारखा उचलावा.

प्रमाण कोरड्या कपड्याच्या वजनावर ठरतं. अर्धा किलो कापडाला १० लिटर पाणी, मध्यम छटेसाठी १० ग्रॅम रंग (म्हणजे २ टक्के), ५०० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम सोडा अॅश. फिक्या छटेला अडीच ग्रॅम रंग आणि निम्मं मीठ पुरतं. गडद छटेला २० ते २५ ग्रॅम रंग आणि ८०० ग्रॅम मीठ लागतं. काळ्याला ४० ग्रॅमपर्यंत रंग जातो. मीठ बारीक, शुद्ध केलेलं घ्यावं. खड्याच्या मिठात मॅग्नेशियम-कॅल्शियम असतं, ते सोड्याशी मिळून कापडावर खडूसारखा थर बसवतं. बोअरच्या जड पाण्यातही हेच होतं. तिथे थोडं कॅलगॉन, म्हणजे सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट, आधी पाण्यात विरघळवावं. खाण्याच्या सोड्याने काम होत नाही. स्फटिकाच्या रूपातला धुण्याचा सोडा चालतो, पण त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, म्हणून १०० ग्रॅमच्या जागी साधारण २७० ग्रॅम घ्यावा.

रंगाची आधी थोड्या कोमट पाण्यात गुठळ्या न राहता पेस्ट करावी, मग पातळ करून नायलॉनच्या मोज्यातून गाळावी. मॅजेंटा (८बी) याबाबत फार त्रासदायक आहे. न विरघळलेले कण कापडावर गुलाबी ठिपके उठवतात. ३० ते ४० अंशांच्या पाण्यात रंग आणि मीठ घालून ओला कपडा सोडावा आणि २० मिनिटं सतत हलवत राहावं. एवढं हलवण्याला पर्याय नाही. घडीत रंग कमी शिरतो आणि मग रेघा राहतात. त्यानंतर कपडा बाजूला काढून, वेगळ्या भांड्यात विरघळवून गार केलेला सोडा तीन हप्त्यांत, पंधरा मिनिटांच्या अवधीत घालावा. कपड्यावर थेट ओतला की तिथे कायमचा चट्टा पडतो. पुढे तासभर, मधूनमधून हलवत. हिवाळ्यात पाणी २० अंशांच्या खाली गेलं तर रंग नीट बसत नाही. बादली मोठ्या कोमट पाण्याच्या टबात ठेवावी. अॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नये, सोडा ते खातो. स्टील किंवा प्लास्टिक घ्यावं, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात जाऊ नये. पूड हाताळताना मास्क लावायलाच हवा. ती श्वासात गेल्याने काहींना दम्यासारखी अॅलर्जी जडते आणि ती टिकून राहते.

सोडा पडल्यावर रंगाची पाण्याशीही अभिक्रिया सुरू होते. पाण्याशी जुळलेला रंग धाग्याशी जुळू शकत नाही, म्हणून काही तासांनी उरलेलं रंगीत पाणी निकामी असतं. त्यात दुसरा कपडा बुडवला तर तो रंगल्यासारखा दिसतो आणि पहिल्या धुण्यात पांढरा होतो.

‘रंग जातो’ ही तक्रार इथूनच येते. न जुळलेला रंग धाग्यात अडकून बसलेला असतो आणि मीठ असेपर्यंत सुटत नाही. म्हणून आधी गार पाण्याने तीन-चारदा खळबळून मीठ-सोडा काढावा. मग ७०-८० अंशांच्या पाण्यात लिक्विड साबण घालून दहा-दहा मिनिटं भिजवावं आणि पाणी नितळ होईपर्यंत बदलत राहावं. शेवटी पांढरा ओला रुमाल वर ठेवून इस्त्री फिरवावी. रुमालाला रंग लागला तर आणखी एक गरम पाणी. हे केलं की रंग वर्षानुवर्षं राहतो. फक्त क्लोरीनच्या ब्लीचपासून जपावं.

मिश्र छटांमध्ये लाल आणि निळा सारख्या वेगाने बसत नाहीत. लाल लवकर पकडतो. म्हणून बांधणीच्या जांभळ्याच्या कडेला वेगळीच छटा फुटते. काहींना ती हवी असते. नको असेल तर कमी मीठ आणि जास्त हलवणं, एवढाच उपाय. मूळ रंगही हिशोबात धरावा. पिवळट कापडावर निळा घातला की हिरवट येणार. उन्हाने विटलेला खांद्याचा भाग रंगवल्यावरही विटलेलाच दिसतो. आधी हायड्रोने, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटने, रंग उतरवता येतो. मात्र हायड्रोला ओल लागली तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, त्यामुळे डबा ओल्या मोरीत ठेवू नये.

कुंचल्याने किंवा ठशाने रंगवायचं असेल तर रंग युरियाच्या पाण्यात कालवून सोडियम अल्जिनेटने (समुद्री शेवाळापासून केलेल्या घट्ट करणाऱ्या पुडीने) घट्ट करावा आणि सोड्यात भिजवून वाळवलेल्या कापडावर लावावा. वर प्लास्टिक झाकून रात्रभर ओल टिकवावी. मक्याच्या पिठाची खळ वापरू नये. रंग कापडाऐवजी तिच्याशीच जुळतो आणि धुताना तिच्याबरोबर निघून जातो.

सजावट रंगाईनंतरच करावी. रंगाबरोबर कापड थोडं आटतं. आधी घातलेला टाका मग चुण्या पाडतो. पांढऱ्या सुती भरतकाम-धाग्याच्या लडी मात्र सैल बांधून त्याच बादलीत टाकाव्यात. मर्सराइज केलेला, म्हणजे कॉस्टिक सोड्याने चमकदार केलेला धागा जास्त रंग घेतो, त्यामुळे कापडाहून एक पायरी गडद दोरा तयार मिळतो आणि दुकानात शोधूनही असा जुळणारा दोरा मिळत नाही. पॉलिएस्टर दोऱ्याची टीप पांढरी राहील. ती उसवण्याऐवजी तिच्याच रेषेवर रंगीत धावदोरा घातला की ती नक्षी होते. विरलेल्या जागी मागून धुतलेल्या मलमलीचा तुकडा लावून गोधडीसारखा बारीक, समांतर धावदोरा टाकावा. ओढ एका टाक्यावर न येता सगळ्या भागावर वाटली जाते. मणी काचेचेच घ्यावेत. वरून रंग चढवलेले मणी दोन धुण्यांत उघडे पडतात. जीर्ण कापडावर जड आरसे टाळावेत, किंवा मागच्या मलमलीतूनही टाका घ्यावा, म्हणजे वजन जुन्या धाग्यावर येत नाही.

रेशमी कपडा हाताशी असेल तर अॅसिड जातीचे रंग वेगळे घ्यावेत. एम ब्रँड रेशमावर व्हिनेगर घालून गरम पाण्यात बसतो खरा, पण छटा सुतावरच्या नमुन्यापेक्षा वेगळी येते, आणि सोड्यात फार वेळ राहिलं तर रेशमाची चमक जाते. पहिल्या खरेदीत तिन्ही रंग ५०-५० ग्रॅमच घ्यावेत. मध्यम छटेच्या हिशोबाने तेवढ्यात साडेसात किलो कापड रंगतं. त्याबरोबर मीटरभर मांजरपाट घेऊन, धुऊन, त्याच्या पट्ट्यांवर प्रत्येक छटा आधी उतरवून पाहावी आणि रंगाचं नाव व टक्केवारी पट्टीवरच बॉलपेनने लिहून ठेवावी.