एसी६०० यूएसबी वायफाय डोंगल: वापरानंतरचा अनुभव आणि खोक्यात नसलेली वायर

पोर्टेबल हार्ड डिस्कवर बॅकअप सुरू केला की डेस्कटॉपचं वायफाय मरतं आणि कॉपी संपली की आपोआप परत येतं. तुमच्याकडे असं होत असेल तर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला वायफाय देणारी यूएसबीची छोटी वस्तू, परत करू नका, इंटरनेटवाल्यालाही फोन करू नका. आधी डोंगल निळ्या (यूएसबी ३) पोर्टातून काढा, काळ्या (यूएसबी २) पोर्टात लावा आणि मध्ये एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन वायर टाका. पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोज वापरल्यावर या डोंगलबद्दल सांगण्यासारखं जे काही आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त या वायरबद्दलच आहे.

वस्तू सगळ्यांच्या ओळखीची: उभा छोटा अँटेना, दोन्ही बँड (वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे), किंमत हजाराच्या आत, आत रिअलटेकची ८८११सीयू चिप. हीच चिप घातलेले डोंगल बाजारात अनेक नावांनी मिळतात, म्हणून ब्रँड लिहीत नाही.

आता निळ्या पोर्टाचं. यूएसबी ३ मधून सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने डेटा धावतो. त्यातून निघणारा रेडिओ गोंगाट फार रुंद पट्ट्यात पसरतो आणि वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा बँड बरोबर त्या पट्ट्यात सापडतो. इंटेलने २०१२ सालीच यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं: गोंगाट हार्ड डिस्कच्या खोक्यातून येतो, जोडणीच्या टोकातून येतो आणि वायरमधूनही येतो, उपाय म्हणजे चांगलं शील्डिंग (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) आणि अंतर. डेस्कटॉपच्या मागे चार-सहा यूएसबी पोर्ट एकमेकांना खेटून असतात. डोंगलच्या शेजारी हार्ड डिस्क लावली की राउटरकडून येणारा बारीक सिग्नल त्या गोंगाटात बुडतो. ओळखायची खूण सोपी आहे. वायरलेस माऊसचा रिसीव्हरही २.४ वरच चालतो, त्यामुळे मोठी फाइल कॉपी होताना माऊसचा बाण अडखळत असेल तर कारण हेच समजा.

दुसरं कारण साधं पत्र्याचं आहे. कॅबिनेट टेबलाखाली, त्याची पाठ भिंतीला, आणि डोंगल त्या पाठीला चिकटलेला. म्हणजे अँटेनाच्या एका अंगाला पत्रा आणि दुसऱ्या अंगाला वीट-सिमेंट. त्याच खोलीत मोबाइलला पूर्ण दांड्या आणि कॉम्प्युटरला दोन, ही तक्रार इथूनच येते. डोंगल वायरने वर आणून मॉनिटरच्या कडेला उभा ठेवला की विंडोजमधला सिग्नल पन्नास-पंचावन्न टक्क्यांवरून ऐंशीच्या पुढे जातो. नुसत्या दांड्या मोजू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एनईटीएसएच डब्ल्यूएलएएन शो इंटरफेसेस' ही कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा. तिथे सिग्नलचे टक्के, चॅनेल (बँडचा राउटर वापरत असलेला भाग) आणि रिसीव्ह रेट (जोडणीचा वेग) तिन्ही दिसतात. जागा बदलून तीच कमांड पुन्हा द्या. पाच मिनिटांत टेबलावरची सगळ्यात चांगली जागा सापडते.

वायर घेताना लांबी आणि जाडी दोन्ही बघा. यूएसबी २ ला नियमाप्रमाणे पाच मीटरपर्यंत वायर चालते, पण एवढ्या लांबीची गरज कोणालाच नसते. दीड मीटर पुरे. वायरवर बारीक अक्षरांत गेज, म्हणजे तारेची जाडी सांगणारा आकडा, छापलेला असतो. '२८ एडब्ल्यूजी' डेटाच्या तारांसाठी ठीक आहे, पण पॉवरच्या तारा '२४ एडब्ल्यूजी' असलेली वायर मागा. आकडा जितका लहान तितकी तार जाड. पॉवरच्या तारा पातळ असल्या तर व्होल्टेज पडतं. डोंगल साधं ब्राउझिंग करताना चालतो आणि डाउनलोड जोरात सुरू झालं की 'डिव्हाइस डिस्कनेक्ट'चा आवाज करून गायब होतो. लोक अशा वेळी डोंगल खराब म्हणतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'मेल-फीमेल यूएसबी एक्स्टेंशन' मागितलं की शंभर-दीडशे रुपयांत चांगली वायर मिळते. हजाराच्या वस्तूबरोबर कंपनीने ही वायर खोक्यात द्यायलाच हवी. चकचकीत माहितीपत्रक आणि मिनी सीडी देतात, जी घालायला आजच्या बहुतेक कॉम्प्युटरना ड्राइव्हच नाही, आणि ज्या वायरवर वस्तूचं चालणं-न चालणं ठरतं ती देत नाहीत. याचा राग अजून गेलेला नाही.

खोक्यावरचे ६०० म्हणजे दोन बँडच्या कमाल वेगांची बेरीज: ५ गिगाहर्ट्झचे ४३३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आणि २.४ चे १५०, वर गोल केलेले. दोन्ही बँड एकाच वेळी चालत नाहीत, म्हणून ६०० कधीच दिसणार नाहीत. ४३३ च्या जोडणीवर प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास मिळतात. २.४ वर शेजारीपाजारी राउटरांची गर्दी असलेल्या सोसायटीत चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी लागते. तिथे जोडणीच ७२ ची होते आणि हातात तीस-चाळीस पडतात. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला ५ गिगाहर्ट्झवर हा डोंगल पूर्ण पुरतो. ३०० चा प्लॅन असेल तर हा घेऊ नका. काळा पोर्ट वापरल्याने वेग कमी होईल ही भीतीही सोडा. यूएसबी २ चे ४८० कागदावरचे असले तरी त्यातून अडीचशे-तीनशे सहज निघतात, आणि या चिपला त्याहून जास्त लागतच नाही.

बसवताना अडचण एकच येते. डोंगल लावल्यावर 'धिस पीसी'मध्ये वायफाय दिसत नाही, एक नवीन सीडी ड्राइव्ह दिसतो. घाबरू नका. ड्रायव्हरची फाइल डोंगलच्याच पोटात ठेवलेली असते आणि पहिल्यांदा तो सीडी असल्यासारखा वागतो. त्यातला सेटअप चालवा. संपल्यावर तो स्वतःहून वायफाय व्हायला हवा. झाला नाही तर त्या सीडीवर राइट क्लिक करून 'इजेक्ट' द्या. मात्र पोटातला ड्रायव्हर जुना असतो. नवा हवा तर इंटरनेट लागतं आणि इंटरनेटच तर जोडायचं आहे, अशा वेळी अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला लावून 'यूएसबी टेदरिंग' (मोबाइलचं इंटरनेट वायरमधून कॉम्प्युटरला देणं) सुरू करा. विंडोज १० आणि ११ त्याला लगेच ओळखतात. मग विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर उतरवून घ्या.

काही दिवसांनी सकाळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर वायफाय नाही आणि पुन्हा तोच सीडी ड्राइव्ह, असं व्हायला लागेल. कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. त्यात शटडाउन खरं शटडाउन नसतं, सिस्टिम अर्धवट झोपते आणि डोंगलचं रूप बदलायचं राहून जातं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा. त्याच भेटीत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमधली, वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी खूणही काढा. डेस्कटॉपला बॅटरी नाही, वाचवायचं काय?

५ गिगाहर्ट्झबद्दलचं मत मात्र मधल्या काळात पार बदललं. सुरुवातीला हा बँड भरवशाचा वाटत नव्हता, कारण नेटवर्क एक दिवस दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी यादीतूनच नाहीसं व्हायचं, मोबाइलवर मात्र दिसत राहायचं. दोषाचं मूळ राउटरच्या 'ऑटो' चॅनेलमध्ये होतं. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारही वापरतात, म्हणून तिथे राउटरला आधी ऐकत बसावं लागतं आणि रडार जाणवलं तर जागा सोडावी लागते. स्वस्त डोंगलांपैकी बरेच या चॅनेलांवर नीट चालत नाहीत. राउटर रात्रीतून स्वतःहून ५२ किंवा १०० वर गेला की कॉम्प्युटरच्या दृष्टीने नेटवर्क संपलं. राउटरच्या पानावर जाऊन ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल हाताने ३६ किंवा १४९ ठेवा, रुंदी ८० मेगाहर्ट्झ. त्यानंतर हा बँड दगडासारखा स्थिर आहे, आणि बॅकअप चालू असतानाही, कारण यूएसबी ३ चा त्रास प्रामुख्याने २.४ लाच होतो.

तिथेच दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. एकच नाव असलं की विंडोज बऱ्याचदा २.४ ला चिकटून बसतं आणि दोष डोंगलला मिळतो. सिक्युरिटी 'डब्ल्यूपीए२ एईएस' ठेवा. जुन्या राउटरवर 'टीकेआयपी' ही जुनी सुरक्षा पद्धत राहिली असेल तर नियमानुसारच वेग ५४ च्या वर जात नाही, मग डोंगल कितीही भारी आणा. नव्या राउटरवर नुसतं 'डब्ल्यूपीए३' असेल तर जुन्या ड्रायव्हरचा डोंगल जोडलाच जात नाही. तिथे २ आणि ३ चा मिश्र पर्याय निवडा.

राउटर दाराजवळ हॉलमध्ये आणि कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत, म्हणजे मध्ये एक भिंत, एवढ्याला ५ गिगाहर्ट्झ उत्तम. दोन भिंती आणि वाटेत लोखंडी कपाट असेल तर २.४ वर जा आणि १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो चॅनेल निवडा. मोकळा कोणता हे 'एनईटीएसएच डब्ल्यूएलएएन शो नेटवर्क्स मोड=बीएसएसआयडी' या कमांडने कळतं. राउटर कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून बाहेर काढणं हा त्याहून स्वस्त उपाय.

विंडोजच्या एका मोठ्या अपडेटनंतर डोंगल दर थोड्या वेळाने तुटायला लागला. विंडोजने स्वतःहून दुसरा ड्रायव्हर चढवला होता. डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'. तो पर्याय पुसट दिसत असेल तर 'अपडेट ड्रायव्हर'मधून कॉम्प्युटरवर आधीपासून असलेल्या ड्रायव्हरांची यादी उघडा आणि जुनी तारीख निवडा. चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल एका पेन ड्राइव्हवर ठेवून द्या.

वॉरंटीवर फार विसंबू नका. जोडणी तुटण्याच्या तक्रारीसाठी डोंगल नेल्यावर सर्व्हिस सेंटरवर तपासणी म्हणजे त्यांच्या लॅपटॉपला लावायचा, नेटवर्कची यादी दिसली की 'ओके आहे' म्हणून परत द्यायचा. पंधरा मिनिटं डाउनलोड चालवून बघा म्हटलं तर तशी पद्धत नाही म्हणतात. भांडण करायचंच असेल तर पुरावा घेऊन जा. 'एनईटीएसएच डब्ल्यूएलएएन शो डब्ल्यूएलएएनरिपोर्ट' ही कमांड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली की गेल्या तीन दिवसांत जोडणी कधी आणि का तुटली त्याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. तो छापून टेबलावर ठेवला की बोलण्याची भाषा बदलते. बिल आणि सीरियल नंबरचं स्टिकर असलेलं खोकं जपून ठेवा, दोन्हींशिवाय नोंदच घेत नाहीत.

उन्हाळ्यात डोंगल हाताला चांगलाच गरम लागतो. टेबलावर मोकळ्या हवेत असेल तर काही बिघडत नाही. बंद कप्प्यातल्या कॅबिनेटच्या मागे मात्र दुपारी वेग पडतो. हा आणखी एक मुद्दा वायरच्या बाजूने.

लिनक्सवाल्यांसाठी: या चिपला कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून आतूनच आधार आहे, त्यामुळे नव्या उबंटूवर किंवा मिंटवर बाहेरून काही कंपाइल करावं लागत नाही. तिथेही डोंगल सीडी होऊन बसला तर 'यूएसबी मोडस्विच' हे पॅकेज टाका. जुन्या कर्नलवर असाल तर हा डोंगल टाळा. प्रत्येक कर्नल अपडेटला ड्रायव्हर पुन्हा बांधत बसण्यात काही राम नाही.

रोज व्हिडिओ मीटिंग, मोठ्या फाइली किंवा गेम हेच काम असेल आणि वायर ओढता येत असेल तर सरळ कॅट ६ ची लॅन केबल टाका, हा सगळा खटाटोप उरत नाही. भिंत फोडता येत नाही पण कॅबिनेट उघडता येतं, अशांनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड घ्यावं, ज्याचे अँटेना लांब वायरने टेबलावर ठेवता येतात. इंटेल एएक्स२१० ही वायफाय चिप असलेलं कार्ड चांगलं. एएक्स२११ स्वस्त दिसतं म्हणून उचलू नका. ते विशिष्ट इंटेल मदरबोर्डच्या स्लॉटातच चालतं, अडॅप्टर कार्डवर चालत नाही. आणि एएक्स२१० बरोबर ब्लूटूथही हवं असेल तर पैसे देण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडून मदरबोर्डवर नऊ पिनांचा यूएसबी हेडर (वायर खोचायची पिनांची जागा) रिकामा आहे का ते बघा. कार्डाची छोटी वायर तिथे जोडली नाही तर वायफाय चालेल, ब्लूटूथ दिसणारही नाही.